दशमी वगळून

किन्हीराजात जानरावाची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. तो उरलेलं परत करायचा. गावचा भंडारा ठरला की घरोघरची ज्वारी, डाळ, गूळ त्याच्या ताब्यात यायचा, आणि पंगती उठल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी जानराव डोक्यावर टोपलं घेऊन दारोदार फिरताना दिसायचा. कुणाची अर्धा शेर डाळ उरलेली असायची, कुणाची नुसती ओंजळभर. एकदा तर तो जगदेव पाटलांकडे चार सुपाऱ्या परत द्यायला गेला, तेव्हा पाटील दारातच पोट धरून हसले. गाव त्याची थट्टा करायचं, पण भंडाऱ्याचा शिधा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची गोष्ट निघाली की तेच गाव गप्प बसायचं. पंगतीचं उरलेलं जो घरात ठेवतो त्याच्या घरची बरकत जाते, असं जानरावाचा बाप म्हणायचा. बापाचं म्हणणं खरं की खोटं, हे जानरावानं कधी तपासून पाहिलं नाही.

अशा माणसाच्या घरात फंडाचे पैसे आले आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

त्याचा मुलगा शालिग्राम वाशीमला मॅट्रिक झाला, चांगल्या मार्कांनी झाला. मास्तरांनी अकोल्याच्या एका विद्यार्थी फंडाकडे त्याचा अर्ज पाठवला. काही व्यापाऱ्यांनी आणि वकिलांनी मिळून तो फंड काढला होता. गरीब शेतकऱ्याच्या मुलाला अमरावतीच्या कॉलेजात शिकता यावं म्हणून. चार वर्षं, वर्षाच्या तीन तिमाह्या, आणि दर तिमाहीला साठ रुपये. त्यातले चोवीस फीचे म्हणून परस्पर कॉलेजात जायचे आणि छत्तीस मुलाच्या हातात यायचे. पण हातात आले म्हणून ते आपले झाले, असं नव्हतं. खोलीभाडं, पुस्तकं, दिवाबत्ती आणि जेवण, एवढ्यावरच ते खर्च करायचे. कापडाला नाही, औषधाला नाही, गाडीभाड्याला नाही. तिमाही संपली की तक्ता भरायचा, पावत्या जोडायच्या आणि कचेरीत नेऊन द्यायचा. तक्ता मंजूर झाला तर पुढचा हप्ता, नाही झाला तर आपला रस्ता धरायचा. हे सगळं एका छापील इंग्रजी कागदावर होतं. शालिग्रामनं ते मराठीत सांगितलं, जानरावानं खाली अंगठा उठवला, आणि त्याची बायको प्रयागबाई हिनं एकच गोष्ट विचारली.

"पोरगं जेवन कुठी?"

खाणावळ म्हणजे काय ते तिला समजावून सांगितलं. महिन्याचे पैसे द्यायचे, पाटावर बसायचं, कुणीतरी येऊन वाढून जाणार. प्रयागबाईला ते काही केल्या पटेना.

"पैशे घेऊन वाढनारा मानूस, पोट भरलं काय म्हून इचारन काय?" ती म्हणाली, आणि खाणावळीचा विषय तिथंच संपला.

मग महिन्याच्या महिन्याला पोतं जाऊ लागलं. पहाटे जात्यावर दळलेलं पीठ, तुरीची डाळ, तिखट, मुगवड्या, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा. शेजारचा देवला रेल्वेत कामाला होता, त्याला पास मिळायचा. तो पोतं अमरावतीला पोचवून यायचा. शालिग्राम खोलीवर हातानं भाकरी थापायचा. पहिल्या खेपेला तो घरून निघाला, तेव्हा प्रयागबाईनं दुधात पीठ भिजवून एक जाडजूड दशमी केली होती. भाकरी दुसऱ्या दिवशी वातड होते, दशमी दोन दिवस मऊ राहते. ती फडक्यात बांधून तिनं त्याच्या हाती दिली. गाडी बदलताना भूक लागली तर खा, म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा घरी आला. पाहुणेरावळे जाऊन घर मोकळं झालं, तेव्हा त्यानं रुमाल काढून बापापुढं सोडला. आत एकवीस रुपये होते.

"छत्तिसातले उरले, बाबा. खोलीचे सहा गेले, पुस्तकाईचे सात, घासलेटाचे दोन. जेवाले काईच लागलं नाई."

जानरावाचा ऊर भरून आला. परक्या गावात राहून, तरुण वयात, हाती रोकड असताना मुलानं एका पैशाचा चिवडासुद्धा खाल्ला नव्हता. प्रयागबाई चुलीपाशी होती. तिच्या पिठानं हे रुपये वाचवले हे तिला कळलं होतं, आणि त्या संध्याकाळी तिनं वरणात तुपाची धार जरा मोठीच सोडली.

"मंगळवारी अकोल्याले जाऊ," जानराव म्हणाला. "परत देऊन येऊ."

शालिग्रामची चुळबुळ सुरू झाली. "बाबा, उरल्या पैशाचं नियमात धड लिहेल नाई. पयले कोनाले तरी इचारून घेतो."

"उरलं तं परत. त्यात इचाराचं काय?"

जानरावाचं इथंच चुकलं, असं मागाहून गावातल्या शहाण्यांनी सांगितलं. मागाहून शहाणपण सांगायला काय जातं? भंडाऱ्याची डाळ आणि फंडाचा रुपया यांत फरक असतो, हे त्याला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी बापलेक पायी जऊळक्याच्या स्टेशनावर गेले आणि गाडी धरून अकोल्यात उतरले. फंडाची कचेरी एका माडीवर होती. तिथं रामधन नावाचा कारकून बसायचा. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण वर्षानुवर्षं तेच तक्ते तपासून त्याचा आवाज कोरडा झाला होता. जानरावानं त्याच्यापुढं रुपये नीट मांडून ठेवले.

"हे काय?"

"उरले, साहेब. फंडाचे फंडाले."

रामधननं रुपयांना हात लावला नाही. त्यानं शालिग्रामचा तक्ता ओढून घेतला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"जेवणाचा रकाना कोरा हाये."

"खाणावळीत नाई जेवलं पोरगं. घरून शिधा जाते."

"फुकट?"

जानरावाला प्रश्नच कळला नाही. "घरून जाते, साहेब," तो पुन्हा म्हणाला.

रामधननं दौत बाजूला सारली, आणि लहान मुलाला सांगावं तसं एकेक करून सांगितलं. रकाना कोरा म्हणजे तक्ता अपुरा. अपुऱ्या तक्त्यावर हप्ता निघत नाही. आणि घरून शिधा येतो असं लिहिलं, तर कमिटी म्हणणार की याच्या घरी खायला पुष्कळ आहे, याला फंड कशाला? यादीत सात मुलं वाट पाहत आहेत. गुरुवारी दुपारी तीन वाजता कमिटी बसणार, आणि हा तक्ता असाच गेला तर शालिग्रामचं नाव कापलं जाणार.

"पन आमी तं पैशे वाचवले," जानराव म्हणाला.

"तेच तं चुकलं तुमचं," रामधन म्हणाला.

जानरावानं मांडलेले रुपये पुन्हा गोळा केले. आजवर त्याच्या हातून पिकात, बैलबाजारात, सोयरिकीत चुका झाल्या होत्या, पण खरेपणापायी कुणी त्याच्या मुलाचं नाव कापेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. घरी खायला पुष्कळ म्हणे! पोटापुरतं पिकत होतं, एवढंच. त्यातून फीचे चोवीस रुपये दर तिमाहीला काढायचे म्हटले, तर आकाशच फाडावं लागलं असतं. फंड गेला की कॉलेज गेलं. मधला रस्ता नव्हता.

रामधननं खिडकीकडं पाहत आवाज खाली आणला. "कोपऱ्यावर खाणावळ हाये. तिथचा मालक पावती लिहून देते. चार आने घेते. हे एकवीस रुपये जेवणात दाखवा अन् गुरुवारी या. सारेच करतेत."

ते दोघं खाली उतरले. जानराव भंडाऱ्याच्या चार सुपाऱ्या परत करणारा खरा, पण मुलाच्या पायातला काटा काढताना बाप कुठं सुई पाहतो? तो खाणावळीत गेला. त्यानं कनवटीची पावलीही काढून हातात धरली. मालकानं पावत्यांचं पुस्तक उघडलं, टाक बुडवला आणि शालिग्रामला विचारलं, "तीन महिने दोन वखत जेवला म्हून लिहू ना?"

शालिग्राम खाली मान घालून उभा होता. उत्तर बापानं द्यायचं होतं.

जानरावाच्या डोळ्यांपुढं प्रयागबाईचं जातं आलं. श्रावणात पाऊस लागून राहिला तेव्हा पीठ ओलं होऊ नये म्हणून तिनं आपलं लुगडं पोत्याला गुंडाळलं होतं आणि दोन दिवस ती एकाच लुगड्यावर राहिली होती. हा माणूस आता टाकाच्या एका फटक्यात लिहिणार, की ते पीठ दळलंच नाही, ते पोतं गेलंच नाही, आणि पोरगं याच्या पाटावर जेवलं. जानरावानं पावली पुन्हा कनवटीला लावली.

"राहू द्या," तो म्हणाला. "नाई जेवला तो इथी."

बाहेर आल्यावर मात्र तो रस्त्यातच थांबला. आपण मुलाचं भलं केलं की वाटोळं, हे त्याला कळेना. पुन्हा माडी चढून तो रामधनपुढं उभा राहिला.

रामधन वैतागला. "खोटी पावती नको, खरी पावती नाई. मंग जिनं रांधलं तिची पावती आना. आना मायची पावती, अन् दाखवा कमिटीले."

तो रागानं बोलला होता. जानरावानं ते रागाचं बोलणं कामाचं म्हणून उचललं.

"चालन काय?"

रामधननं मान वर केली. पाहिलं, तर समोरचा माणूस थट्टा करत नव्हता. त्यानं कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं, आणि जेवणाचं कलम दोनदा वाचलं.

"जेवणाचे पैसे कोनाले द्यावे हे लिहेल नाई," शेवटी तो म्हणाला. "पन पैसे खरोखर द्या लागतीन. बाईचा अंगठा पाहिजे, की पोराच्या जेवणाचे इतके रुपये मले पोचले. कमिटी मानन की नाई ते मी सांगत नाई."

परतीच्या गाडीत शालिग्राम खिडकीशी बसला आणि जानराव मनातल्या मनात बायकोशी बोलत आला. काहीही करून त्याला सुरुवात जमेना. कसंही सांगितलं तरी शेवटी तेच येत होतं.

आणि शेवटी तेच आलं. दिवेलागणीला घरी पोचल्यावर त्यानं पाय धुतले, पाणी प्यायला, आणि जे घडलं ते सरळ सांगून टाकलं. प्रयागबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला.

"म्हंजे मी माया लेकराले भाकर इकली, असं लिहून देऊ?"

"इकली असं नाई. पैशे पोचले, असं."

"पैशे कशाचे पोचले?"

जानरावानं पाण्याचा तांब्या उगाच उचलून जागेवर नेऊन ठेवला.

"गाय वासराकडून दुधाचे पैशे घेते काय? माया मायनं मले खाऊ घातलं, सासूनं घातलं, कोनी मोल नाई केलं. मी गावाले कोनतं तोंड दाखवू?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच जानरावाला भीती वाटली. "तुमी भंडाऱ्याची सुपारी बी परत करता. मंग मले हे काहून घ्याले लावता?"

"मले नको ते कॉलेज, माय," शालिग्राम मधेच म्हणाला. "तू अंगठा देऊ नको."

"तू चूप बस," ती म्हणाली. ती उठून आत गेली आणि त्या दिवशी पुन्हा त्या गोष्टीचं कुणी नाव काढलं नाही.

बुधवार उजाडला. कापसाची वेचणी होती. प्रयागबाई भाकरी बांधून वावरात गेली. जानराव मागून गेला. एक ओळ तिची, एक ओळ त्याची, आणि दोघांत शब्द नाही. तो दर थोड्या वेळानं उन्हाकडं पाहायचा. कमिटी उद्या तीनला. जऊळक्याची गाडी गाठायची तर पहाटेच निघायला हवं. त्याआधी कागद लिहायला हवा, त्याआधी हिनं हो म्हणायला हवं, आणि ही तर बोंडाशिवाय कशाकडं बघत नाही. तिला जबरदस्ती करावी असं एकदा त्याच्या मनात आलं. मग त्याला त्याचीच लाज वाटली. तिचा अंगठा धरून उठवला, तर खाणावळवाल्याची पावती काय वाईट होती?

दुपारी बांधावरून शालिग्राम येताना दिसला. अंगात बापाची जुनी फाटकी बंडी, कमरेला वेचणीची ओटी. कुणाशी न बोलता तो तिसऱ्या ओळीला लागला. कॉलेजात जाऊन तीन महिन्यांत त्याचे हात मऊ पडले होते. सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी थोड्याच वेळात बोटं ओरबाडली आणि पांढऱ्या कापसाला लाल ठिपके लागले.

प्रयागबाईनं ते पाहिलं.

"हे काय लावलं?"

"मले आता हेच करा लागन ना," तो म्हणाला. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

ती तशीच उभी राहिली. मग तिनं ओटी सोडली, वेचलेला कापूस बांधावर ओतला आणि घराकडं चालू लागली. जानरावाला वाटलं, संपलं सगळं. तो आणि शालिग्राम मागून धावत गेले, तर ती चुलीसमोर बसलेली. पदरानं तोंड पुसलेलं दिसत होतं.

"कागद आन," ती मुलाला म्हणाली.

शालिग्रामनं कागद आणला. त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं: शालिग्राम जानराव याच्या तीन महिन्यांच्या जेवणाबद्दल रुपये एकवीस रोख पोचले.

"त्यात काय काय धरलं?"

"समदंच. पीठ, दाळ, तिखट, वड्या."

"अन् दशमी?"

"कोनती?"

"तू निंगाला त्या दिवशी फडक्यात बांधून देली होती, ते."

शालिग्राम घुटमळला. "तेबी आलीच त्यात."

"ते काढ," प्रयागबाई म्हणाली. "बाकी समदं लिही. म्या इकलं म्हून लिही, काय लिहाचं ते लिही. पन ते दशमी मी देली हाये. तिचे पैशे मी घेनार नाई."

जानराव मनात हिशेब करू लागला. एकवीस रुपये उरले आणि एकवीस जेवणात गेले, बाकी काही नाही, असा कसा गोल तक्ता झाला असता. आता त्यात पुन्हा काहीतरी उरणार, आणि घरून फुकट आलं हेही पुन्हा उघडं पडणार. ज्या खड्ड्यातून मुलाला वर काढायचं होतं, त्याच खड्ड्याशी ही पुन्हा नेऊन उभी करत होती. पण तिच्या तोंडाकडं पाहून त्यानं शब्द गिळला. तिनं एवढं सोडलं होतं; तिचं एवढंसं राहू द्यायला नको?

"एका दशमीचं काय धरू?" शालिग्रामनं बापाला विचारलं.

"एक पैसा धर."

नवा कागद लिहिला. वीस रुपये, पंधरा आणे, तीन पैसे. घरून निघतानाची एक दशमी वगळून. शालिग्रामनं मायच्या हातावर रुपये मोजले. तिनं मूठ मिटली नाही. तळहात तसाच उघडा धरून ती बसून राहिली, आणि जानराव उगाच बाहेर बैलाला पाणी दाखवायला गेला. तो परत आला तेव्हा कागदावर अंगठा उमटला होता.

गुरुवारी पहाटे ते पुन्हा निघाले. माडीवर रामधननं पावती वाचली आणि कपाळाला हात लावला.

"हा एक पैसा कायले ठेवला? एकवीस पुरे लिहा. बाकी राहिली की कमिटी इचारते. इचारलं की सांगा लागते. माहा टाक घ्या, अन् आत्ताच दुरुस्त करा."

शालिग्रामनं बापाकडं पाहिलं. टाक समोर होता. एका आकड्याचं काम होतं आणि किन्हीराजात कुणाला कळणारही नव्हतं. प्रयागबाईला वाचता येत नव्हतं.

"नाई," जानराव म्हणाला. "तिनं इतक्याचाच अंगठा देला हाये."

मग बाकावर वाट पाहणं आलं. आत कमिटी बसली. दारातून एकेक नाव यायचं, एकेक मुलगा आत जायचा. एक जण हसत बाहेर आला, एक जण डोळे पुसत. जानरावानं कनवटीचा पैसा इतक्या वेळा चाचपला की बोट हुळहुळं झालं. आपण मूर्ख आहोत, असं त्याला त्या तासाभरात दहा वेळा तरी वाटलं. मग शालिग्रामचं नाव आलं आणि दोघं आत गेले.

लांब टेबल, पाच माणसं. मधे चिटणीस, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी पावती वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

"ही बाई कोण?"

"माही आई," शालिग्राम म्हणाला.

डाव्या हाताचा एक वकील हसला. "आईची खाणावळ? मग उद्या कुणी बापाकडून खोलीभाड्याची पावती आणेल."

"पैसे खरंच दिले?" चिटणीसांनी विचारलं.

"मी माह्या हातानं मोजले."

"आणि हा एक पैसा?"

जानरावानं तो टेबलावर ठेवला. मग त्यानं सांगितलं. "पोरगं निंगालं तवा तिनं एक दशमी बांधून देली होती, साहेब. ते तिनं देली. तिचे पैशे घ्याले ते तयार नाई. मंग तितका फंडाचा पैसा उरला. तो परत आनला."

"म्हणजे घरून फुकट शिधा येतो, हे तुम्ही कबूल करता," वकील म्हणाला.

"एक दशमी येते, साहेब," जानराव म्हणाला.

कुणी हसलं नाही. चिटणीस त्या पैशाकडं बघत राहिले. जानरावाला वाटलं, आता हे मान हलवतील आणि दार दाखवतील.

"रामधन," चिटणीसांनी हाक मारली, "यांना एका पैशाची पावती फाडून द्या. आणि तक्ता मंजूर म्हणून चढवा."

वकिलानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. चिटणीसांनी पुढच्या मुलाचा कागद उचलला होता.

एक पैसा फंडात जमा झाल्याची छापील पावती, शिक्क्यासकट, जानरावानं पागोट्यात खोचून घरी आणली. प्रयागबाईनं ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. "हे माया दशमीची काय?" तिनं विचारलं, आणि ती देव्हाऱ्यात हळदीच्या डबीखाली ठेवली. तिच्या हातावर आलेल्या रुपयांचं काय झालं म्हणाल, तर पुढच्या पोत्यात तुपाचं मडकं गेलं, गूळ गेला आणि एक घोंगडी गेली. घोंगडी फंडाच्या यादीत नव्हती, पण प्रयागबाईच्या पैशाला कुणाचा तक्ता लागत नव्हता.

पुढं दर तिमाहीला असंच चाललं. मुलगा निघायचा, दशमी घेऊन जायचा. तिमाही संपली की माय अंगठा द्यायची, आणि एक पैसा अकोल्याला परत जायचा. ती पावत्यांना सरावली असं मात्र कुणी समजू नये. दर वेळी अंगठ्याला शाई लागली की ती राखेनं घासघासून तो काढायची. चार वर्षांत देव्हाऱ्यात बारा पावत्या साठल्या. बारा पैसे, म्हणजे तीन आणे.

शालिग्राम बी.ए. झाल्याची तार जऊळक्याला आली, आणि दोन दिवसांनी तो स्वतः आला. जानराव पेढे वाटायला गावात गेला होता. पेढे उरले तर ते कुणाला परत द्यायचे, अशी पाटलांनी त्याची थट्टा केली. तो घरी आला तेव्हा मुलगा पाटावर बसला होता आणि प्रयागबाई चुलीवरून उतरलेली भाकरी त्याच्या ताटात टाकत होती. शालिग्रामनं सवयीनं विचारलं, "माय, या खेपीचा कागद लिहाचा राह्यला काय?"

"नाई," ती म्हणाली. तिनं दुसरी भाकरी टाकली, मग तिसरी. त्यानं हात आडवा धरला तरी ती वाढतच राहिली. "आता जेव. आता मोजाची नाई."

जानराव दारातच उभा राहिला. मुलाचं जेवण आटपेपर्यंत तो आत गेला नाही.